तडकलेला आरसा आणि दोन किल्ल्या

रविवार, रात्र

दिग्दर्शक बिली वाइल्डरचा 'द अपार्टमेंट' (१९६०) हा चित्रपट पुन्हा पाहिला. न्यूयॉर्कच्या विमा कंपनीतला कारकून बॅक्स्टर. साहेबलोकांच्या लफड्यांसाठी तो आपली जागा संध्याकाळपुरती देतो आणि बदल्यात बढती पदरात पाडून घेतो. कथानक एवढंच. सगळा भार पेलतात त्या साध्या वस्तू.

पावडरची डबीच घ्या. त्या जागेत कुणीतरी विसरलेली, आतला आरसा तडकलेला. बॅक्स्टर ती बड्या साहेबाला, शेल्ड्रेकला, परत करतो आणि 'सापडली तेव्हाच फुटलेली होती' असंही सांगतो. प्रामाणिकपणा दाखवला तो कुठे! हसू येतं, म्हणूनच डबी लक्षात राहते.

मग नाताळची ऑफिस पार्टी. बॅक्स्टर नवी हॅट मिरवतोय. कशी दिसते ते बघायला फ्रॅन त्याच्या हातात आपली डबी देते. फ्रॅन म्हणजे लिफ्ट चालवणारी, ज्या मुलीवर त्याचा जीव जडलाय ती. आरशात तोच तडा, त्याच्या चेहऱ्याच्या आरपार. शेल्ड्रेकची बाई कोण, हे त्याला एका शब्दावाचून कळतं. तिला तर जरा वेळापूर्वीच शेल्ड्रेकच्या सेक्रेटरीने त्याची आधीची प्रकरणं ऐकवलेली. दोघंही एकाच क्षणी आतून मोडलेली, पण एकमेकांचं कारण ठाऊक नाही. वाइल्डर आणि त्याचा सहलेखक डायमंड यांच्या पटकथेत यापेक्षा घट्ट बांधलेला प्रसंग नाही.

त्याच रात्री शेल्ड्रेक फ्रॅनला भेट म्हणून १०० डॉलरची नोट देतो. ती बॅक्स्टरच्या जागेतच जीव द्यायला झोपेच्या गोळ्या घेते. इथून विनोद गायब व्हायला हवा होता, होत नाही. शेजारचे डॉक्टर बॅक्स्टरलाच बाईलवेडा समजून झापतात, कारण भिंतीपलीकडून रोज वेगवेगळ्या बायकांचे आवाज येतात. तो निमूट ऐकून घेतो. फ्रॅनची अब्रू राखायला, की साहेबाला वाचवायला? बहुधा दोन्ही. चाकरीची सवय एका रात्रीत सुटत नाही, आणि त्याला लगेच थोर न करण्यात वाइल्डरचं शहाणपण दिसतं.

नववर्षाच्या पूर्वसंध्येला शेल्ड्रेक पुन्हा त्या जागेची किल्ली मागतो. बॅक्स्टर टेबलावर एक किल्ली ठेवतो. बढतीबरोबर मिळालेली, बड्या अधिकाऱ्यांच्या स्वच्छतागृहाची.

शेल्ड्रेकला वाटतं, चुकून दुसरीच दिली.