तालीम हॉलमधलं उलटं घड्याळ

एका दिवंगत आधुनिक नृत्यदिग्दर्शिकेच्या रचना जतन करण्यासाठी आम्ही नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या घरात तिचं कपाट उघडलं, तेव्हा ऐन पावसाळा होता. आत व्हीएचएस कॅसेट्स, काउंट्सच्या (कितव्या ठेक्याला कोणती हालचाल, याच्या) वह्या, प्रकाशयोजनेचे कागद. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरट थर दिसला की बुरशी समजायची. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालायचीच नाही; बुरशी टेप वाचणाऱ्या हेडवर बसते, चित्र जातं आणि तीच घाण पुढच्या चांगल्या कॅसेटला लागते. ती ओलावा शोषणारं सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात पूर्ण वाळू द्यायची, मगच मास्क लावून मऊ ब्रशने साफ करायची. चांगल्या कॅसेट्स आधी शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवून घेतल्या, म्हणजे टेपचा ताण सारखा होतो. जतनाची प्रत एफएफव्ही१ मध्ये, म्हणजे चित्रातलं काहीही न गमावणाऱ्या फॉरमॅटमध्ये. तासाला ३० जीबीच्या आसपास जागा धरायची. एमपी४ बघण्यापुरती ठीक. एमपी४साठी फाइल दाबताना झटक्याच्या हालचाली पुसट होतात, आणि नृत्यात नेमक्या त्याच हव्या असतात.

खरा पेच दुपारी पडला. तालमीच्या एका चित्रफितीत नर्तकी डाव्या खांद्यावरून वळून जमिनीवर येत होती. वहीत मात्र स्वच्छ लिहिलेलं: ‘पाचला उजवा खांदा, सातला जमीन.’ त्या रचनेत नाचलेल्या शिष्येला विचारलं. “बसून नाही सांगता येणार,” ती म्हणाली. संगीत लावलं, ती उभी राहिली आणि पाचव्या काउंटला उजवीकडे वळली. चित्रफीत तिला तोवर दाखवलेली नव्हती. आधी दाखवली की शरीर पडद्याची नक्कल करतं.

मग तिनेच पडद्याकडे बोट दाखवलं. “अहो, मागचं घड्याळ बघा ना. ताईंनी आरशातून शूटिंग केलंय.” आकडे उलटे होते, सेकंदकाटाही उलटा फिरत होता. हॉल लहान असला की सगळे नर्तक चौकटीत मावावेत म्हणून कॅमेरा आरशाकडे लावतात. चित्रफितीवर विसंबून रचना बसवली असती, तर डाव्या विंगेतला आडवा झोत नर्तकीच्या चेहऱ्याऐवजी पाठीवर पडला असता.

आम्ही मूळ फाइल तशीच ठेवली, सरळ केलेली प्रत वेगळी केली आणि नोंदीत कारण लिहिलं. कालिदास कलामंदिरातल्या प्रयोगाच्या चित्रफितीत याच जागी एक आठ, म्हणजे आठ काउंट्सचा एक गट, जास्त आहे. ती सुधारणा की त्या रात्रीची गडबड, हे ठरवणं आमचं काम नाही. वही, चित्रफीत आणि शिष्येचं शरीर, तिन्ही साक्षी शेजारी-शेजारी नोंदवायच्या.

अमेरिकन आधुनिक नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅम यांनी २००९ मध्ये, हयातीतच, वारशाची योजना जाहीर केली. त्यांच्या कंपनीचा शेवटचा प्रयोग ३१ डिसेंबर २०११ ला न्यूयॉर्कमध्ये झाला. चित्रफिती, टिपणं, प्रकाश, वेशभूषा, ध्वनी असं एकेका रचनेचं सगळं ‘डान्स कॅप्सूल’मध्ये एकत्र आहे. आमचे फोल्डर त्याच धर्तीचे.

संध्याकाळी हक्कांचा विषय काढला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचना नाट्यकृतीत मोडते, पण ती लिहून किंवा अन्य प्रकारे नोंदलेली हवी. हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. म्हणजे परवानगी देणार वारस, शिकवणार शिष्या. त्यामुळे पुन्हा बसवताना काय बदलता येईल आणि काय अजिबात नाही, हे वारस आणि शिष्या दोघांनी मिळून रचनावार लिहायला घेतलं.