हार्टलीपूलच्या धक्क्यावर मुंबईचे जहाज

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरून न्यूकॅसलहून हार्टलीपूलला जाणारी गाडी वाटेत संडरलँडला विअर नदी ओलांडते. पुलावरून दोन्ही काठ नीट दिसावेत म्हणून मी मुद्दाम खिडकीशी बसलो होतो. या नदीवर सहाशे वर्षे जहाजे बांधली गेली आणि तिच्यावरच्या शेवटच्या गोद्या १९८८ मध्ये बंद झाल्या. मुखाकडे जिथे त्या होत्या, तिथल्या काही जागेवर आता विद्यापीठाच्या इमारती आहेत. पुलावरून मला जहाजबांधणीची एकही खूण दिसली नाही.

हार्टलीपूलला मी ज्यासाठी गेलो, ते ‘त्रिंकोमाली’ जहाज मात्र धक्क्याला लागून उभे होते. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली ते मलबारी सागवानात बांधले गेले आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरले. आज ती ब्रिटनमधली अजून तरंगणारी सर्वांत जुनी युद्धनौका आहे. पठाण म्हणजे जहाजाच्या तळाचा कणा बसवताना वाडियांनी पारशी रिवाजाप्रमाणे त्यात चांदीचा खिळा ठोकला होता. नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, फेटा बांधलेल्या माणसाचा पुतळा आहे. खालच्या मजल्यावर वाकूनच चालावे लागते. तिथल्या एका तुळईवर हात ठेवला, तर लाकूड अजून घट्ट होते आणि कडा हाताला गुळगुळीत लागत होत्या. ओकमधल्या आम्लामुळे लोखंडी खिळे गंजतात, सागाच्या तेलामुळे टिकतात. ब्रिटिश नौदलाने इतक्या दूरवरून जहाज बांधून घेण्यामागे हे एक कारण होते.

पुढे लोखंडाचे आणि वाफेचे युग आले आणि हे काम याच किनाऱ्यावरच्या नद्यांकडे वळले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगातल्या नव्या जहाजांपैकी निम्म्याहून अधिक टनभार ब्रिटनमध्ये तयार होत असे. १९५६ मध्ये जपानने ब्रिटनला मागे टाकले. तिथल्या प्रशस्त गोद्यांत जहाजाचे मोठमोठे भाग आधी वेल्डिंगने तयार करून मग एकत्र जोडले जात, तर इथल्या अरुंद नदीकाठच्या जुन्या गोद्यांत पैसा घालायला मालक कचरत राहिले आणि कोणते काम कोणत्या कारागिराचे यावर संघटनांचे तंटे चालू राहिले. मग काम कोरियात गेले, चीनमध्ये गेले. हार्टलीपूलची सर्वांत मोठी गोदी तर १९६०च्या दशकाच्या सुरुवातीलाच बंद पडली होती.

तरीही हे जहाज इथेच दुरुस्त झाले. १९८७ मध्ये ते हार्टलीपूलला आणले गेले, १९९० ते २००१ असे अकरा वर्षे काम चालले, आणि ज्या भागात गोद्या बंद पडून कसबी माणसे रिकामी झाली होती तिथल्याच हातांनी ते उभे राहिले. मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते; कारण गोदीची जागा पुन्हा मिळवता येते, पण पाणी आत येऊ नये म्हणून फळीच्या फटीत धागा किती ठोकावा हे कळणारा हात एका पिढीत नाहीसा होतो, आणि तो कागदावर लिहून ठेवता येत नाही.

जहाजावर माहिती देणारे एक वयस्क गृहस्थ भेटले. त्यांचे वडील आणि आजोबा दोघेही गोदीत कामाला होते. मी मुंबईचा आहे हे कळताच त्यांनी मोठ्या उत्सुकतेने विचारले, की हे जहाज जिथे बांधले ती गोदी आज कशी दिसते. ती नौदलाच्या भिंतीआड आहे आणि फोर्टात इतकी वर्षे नोकरी करूनही मी ती आतून कधी पाहिलेली नाही, हे मला त्यांना सांगावे लागले.