तुम्ही विचारलंत म्हणून: घरी चालतं का?

मोठेपणीही पकडापकडी खेळणाऱ्या मित्रांवरचा ‘टॅग’ हा इंग्रजी सिनेमा 2018 साली आला, तेव्हापासून लोक आम्हा खेळणाऱ्या मैत्रिणींना दोन प्रश्न विचारतात. तो बघून सुरू केलंत का? आणि घरी चालतं का?

पहिल्याचं उत्तर, नाही. आमची पकडापकडी ठाण्याच्या चरईतल्या चाळीच्या अंगणातली, सिनेमाच्या कितीतरी आधीची. होळी पेटली की सुरू, पाडव्याची स्वागतयात्रा संपली की बंद. त्या वेळी जिच्यावर राज्य, तिच्यावर ते वर्षभर. ऑफिसात गाठलेलं चालतं, लोकलमध्ये आणि प्लॅटफॉर्मवर नाही. (सिनेमाच्या शूटिंगमध्ये जेरेमी रेनर या नटाचे दोन्ही हात मोडले हे वाचल्यावर जिन्यांवरही बंदी घातली.) सिनेमातले पाच मित्र मे महिन्यात खेळतात. ज्या खऱ्या दहा जणांवर तो बेतलाय ते अमेरिकेतल्या स्पोकेनच्या शाळेतले, आणि त्यांचा महिना फेब्रुवारी. वॉल स्ट्रीट जर्नलने 2013 साली त्यांच्यावर लेख छापला तेव्हा सगळ्यांना कौतुकच वाटलं. सिनेमात एकाची बायको नवऱ्यापेक्षा जास्त चेकाळते, पण तिला खेळता येत नाही, कारण नियम नऊ वर्षांच्या पोरांनी केलेले आणि त्यात मुली नाहीत. मीही हसले होते त्यावर.

दुसरा प्रश्न मात्र डोक्यात जातो. घोडबंदर रोडच्या टर्फवर मध्यरात्रीपर्यंत क्रिकेट खेळणाऱ्या बाप्यांना कुणी विचारतं का, घरी चालतं का म्हणून? माझ्या घरी चालतं. सगळ्यांच्या नाही. एक जण अजूनही ‘भिशीला जाते’ सांगून निघते.

पण घरापेक्षा अवघड प्रसंग आमच्यातच घडला. आमच्यातल्या एकीचा नवरा दिवाळीनंतर अचानक गेला. राज्य आदल्या पाडव्यापासून तिच्यावरच होतं. होळीच्या आधी आम्ही तिला वगळून व्हॉट्सअ‍ॅपवर वेगळा ग्रुप काढला आणि ठरवलं, यंदा पळापळ नको. मुद्दा माझाच होता. पाडव्याला मी स्वागतयात्रेत, नऊवारी, नथ, हातात लेझीम. जांभळी नाक्याला गर्दीतून ती समोर आली. साधा कॉटनचा कुर्ता, पायात घरातल्या चपला. मला वाटलं, सहज बघायला आली असेल. मग तिने खांद्यावरची पर्स तिरकी अडकवली. पळायच्या आधी ती शाळेतही दप्तर तसंच अडकवायची. मी थांबले. नुसती थांबले नाही, हात पुढे केला. लाव बाई एकदाचा हात.

‘हात काय देतेस? पळ ना!’

‘अगं, असू दे.’

‘पळ म्हणते ना! कुणी पळतच नाही माझ्यापासून. पंधरा दिवस बघतेय. दुकानात बायका बाजूला होऊन वाट देतात, तुम्ही खांबासारख्या उभ्या राहता. मी काय...’

पुढचं ढोलताशांत गेलं. तिने मला हात लावलाच नाही. वळली आणि कोपिनेश्वराच्या बाजूने निघून गेली. राज्य आणखी वर्षभर तिच्यावर.

मी पळायला हवं होतं असं बाकीच्या म्हणतात. म्हणायला काय जातं! चार पावलांवर तिच्या सासरची माणसं उभी होती. सहा महिने झाले नाहीत आणि ही भर रस्त्यात धावतेय, हे ऐकून कुणी घ्यायचं होतं? मी नाही, तिने. हे मी तिला नंतर सांगितलंही. ती म्हणाली, ‘ते माझं मी बघितलं असतं.’ यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. तरी मी चुकले असंही मला वाटत नाही. निदान पूर्ण नाही.

पुढच्या होळीला तिने वाशी स्टेशनच्या बाहेर दुसरीला गाठलं आणि खेळ परत रंगला. मला मात्र ती पकडत नाही. राज्य तिच्यावर असलं आणि तलावपाळीला मी दोन हातांवर असले, तरी वळून भलतीच्याच मागे धावते. मी मुद्दाम पळून दाखवते, तरी नाही. हे नियमात बसत नाही, अशी हरकत मी ग्रुपवर रीतसर नोंदवली. तिने खाली नुसता अंगठा टाकला.