रोज अंडं मिळतं ना?

कुणीही आलं आणि परसातलं खुराडं दिसलं, की हा प्रश्न ठरलेला. "रोज अंडं मिळतं ना?" त्यातला तो ‘ना’ मोठा खुबीचा आहे. विचारणाऱ्याने उत्तर आधीच ठरवलेलं असतं, माझ्याकडून फक्त मान हलवून घ्यायची असते. बरीच वर्षं मी ती हलवलीही. पण हल्ली ज्यांनी विचारलं त्यातल्या तिघांच्या मनात खरोखरच कोंबड्या आणायचं घाटतंय. तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगते: नाही मिळत. आणि का मिळत नाही हे कळलं नाही, तर सहा महिन्यांत तुम्ही कोंबड्यांवर चिडाल आणि कोंबड्या बिचाऱ्या तुमच्यावर.

पहिली गोष्ट हिशेबाची. दिवस चोवीस तासांचा, आणि एक अंडं तयार व्हायला लागतात चोवीस ते सव्वीस तास. बलक सुटला की त्याभोवती पांढरं चढायला साधारण तीन तास, आतले पापुद्रे तासा-सव्वातासात, आणि एकट्या कवचाला जवळजवळ वीस तास. अंडं बाहेर पडल्यावर अर्ध्या-एक तासाने पुढचा बलक सुटतो. म्हणजे अंड्याची वेळ रोज थोडी पुढे ढकलली जाते. ढकलत ढकलत ती दुपारवर गेली की त्या दिवशी पुढचा बलक सुटतच नाही. कोंबडी एक खाडा करते आणि पुन्हा सकाळपासून नवी सुरुवात.

हे मला माहीत नव्हतं तेव्हा मी वही घातली होती. तांबडीच्या नावापुढे ओळीने लिहिलेलं आहे: 7.10, 8.25, 9.50, 11.15, 1.30, आणि मग एक रिकामा चौकोन. त्या रिकाम्या चौकोनाच्या दिवशी मी तिला पकडून उलटीपालटी करून पाहिलं, पोट चाचपलं, तुरा फिका पडलाय का ते तपासलं. तिला काहीच झालं नव्हतं. तिची फक्त सुट्टी होती, ती मी वाया घालवली.

दुसरी गोष्ट कवचाची. कवच मुख्यतः रात्री चढतं, म्हणजे कोंबडी दांडीवर झोपलेली असते आणि पोटात दाणा जात नसतो तेव्हा. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. ते खाण्यातून कमी पडलं तर ती स्वतःच्या हाडांतून काढते. माद्यांच्या हाडांत त्यासाठी खास साठा असतो, पण साठाच तो, रोज उपसला तर संपणारच. पहिल्या उन्हाळ्यात मी हौसेने नुसतं धान्य आणि घरातलं उरलंसुरलं घालत होते. एका सकाळी खोक्यात हात घातला तर हाताला काहीतरी मऊ, कोमट लागलं. बाहेर काढलं तर बिनकवचाचं अंडं. पापुद्र्याची पिशवी, आत बलक हलताना दिसतोय, बोटाने दाबलं की दबतोय आणि पुन्हा फुगतोय. किळस वाटायला हवी होती, मला अपराधी वाटलं. त्या दिवसापासून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवते. वेगळ्याच, दाण्यात मिसळून नाही. घालणारी कोंबडी लागेल तेवढा टिपते, न घालणारी त्याला तोंड लावत नाही. आणि अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य पिलांना किंवा अजून अंड्यावर न आलेल्या तलंगांना देऊ नका. एवढं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही.

आता थंडी. दिवस लहान झाले की अंडी आटतात, आणि सगळे म्हणतात गारठ्यामुळे. गारठ्याचं तिला फारसं काही नसतं. अंगाचं तापमान एक्केचाळीस अंशांच्या आसपास, वर पिसांची रजई. तिला खरा त्रास उन्हाळ्याचा. घाम येत नाही, मग चोच उघडी टाकून, पंख अंगापासून दूर धरून धापा टाकत बसते. थंडीत कमी पडतो तो उजेड. अंडी जोमात सुरू राहायला दिवसाला साधारण चौदा तास उजेड लागतो, आणि तो ती नुसत्या डोळ्यांनी मोजत नाही, कवटीतून झिरपणारा उजेड मेंदूच्या आतल्या पेशींनाही कळतो. पहाटे दिवा लावून अंडी चालू ठेवणारे आहेत, त्यात काही पाप नाही. मी लावत नाही. अडीच-तीन महिने तिने आराम केला तर माझं काय अडतं?

उजेडावरून आठवलं. "कोंबडा नाही तर अंडी कशी?" हा उपप्रश्नही हमखास येतो. अंड्याला कोंबडा लागत नाही, पिलाला लागतो. आणि कोंबडा ठेवणार असाल तर शेजाऱ्यांशी आधी बोला. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे आपण म्हणत आलो. जपानच्या संशोधकांनी 2013 मध्ये खरोखरच कोंबडे सतत मंद उजेडात ठेवून पाहिले, तर तांबडं दिसत नसतानाही ते आपल्या वेळेला आरवत राहिले. घड्याळ त्यांच्या आतच आहे. म्हणजे झाकून तांबडं तर राहत नाहीच, कोंबडंही गप्प बसत नाही.

सगळ्यात घाबरवणारा काळ पिसं झडण्याचा. एका सकाळी दार उघडलं तर आत उशी फाटावी तशी पिसंच पिसं, आणि कोपऱ्यात काबरी, अर्धी बोडकी, शेपटी गायब, मानेवरची कातडी दिसतेय. मला वाटलं, रात्री कुणीतरी तिला ओढायचा प्रयत्न केला. तसं काही नव्हतं. वर्षातून एकदा, बहुधा दिवस लहान होऊ लागले की, जुनी पिसं गळून नवी येतात. पीस म्हणजे जवळपास निव्वळ प्रथिनं. तिच्या एवढ्याशा शरीराला अंडं आणि पिसं अशी दोन्ही कामं एकदम झेपत नाहीत, म्हणून अंडं बंद. दोन-तीन महिने सहज जातात. या दिवसांत तिला उचलू नका. नवं पीस आधी काट्यासारखं, मेणासारख्या दिसणाऱ्या नळीत गुंडाळलेलं निघतं, त्यात रक्त खेळत असतं आणि त्याला हात लागला की दुखतं. एरवी मांडीवर येऊन बसणारी काबरी त्या वेळी माझ्यापासून चार हात लांब राहायची. मला ते मनाला लागलं होतं, हेही कबूल करते.

मग खुडूक. कोंबडीच्या डोक्यात एकदा अंडी उबवायचं आलं की ती खोक्यातून उठत नाही. दिवसातून एकदा उठून दाणापाणी, एक भलीमोठी घाण शिट, आणि परत आत. हात नेला की अंग फुगवून गुरगुरते. खाली अंडी असायला हवीत असंही नाही. पांढरीने माझ्याकडे एका गुळगुळीत दगडावर नऊ दिवस काढलेत. पिलं हवी असतील तर खाली फलित अंडी ठेवा आणि एकवीस दिवस थांबा, मात्र त्यातली निम्मी पिलं नर निघणार आणि त्यांचं काय करायचं हे आधी ठरवा. पिलं नको असतील तर तिला तीन-चार दिवस जाळीच्या तळाच्या, जमिनीपासून उंच पिंजऱ्यात दाणापाणी देऊन ठेवायचं. पोटाखालून वारा लागला की डोकं ताळ्यावर येतं. पांढरीला पाच दिवस लागले. हट्टी आहे.

एवढं सगळं जमलं तरी एक भीती उरते. चौथ्या वर्षी एका रात्री माझ्या दोन कोंबड्या गेल्या. दार बंद होतं, कडी लावलेली होती. चूक जाळीची, म्हणजे माझीच. मी सगळीकडे ती पातळ षटकोनी कोंबडीजाळी मारली होती. ती कोंबडीला आत ठेवायला बरी असते, पण दात-नखांपुढे टिकत नाही. सकाळी खालचा एक कोपरा कागदासारखा फाटलेला आणि आत दोन कमी. काय आलं होतं ते कळलं नाही. कोल्हा, मुंगूस, मांजर, कुत्रं, ज्याच्या-त्याच्या जागेप्रमाणे शत्रू वेगळा. आता अर्ध्या इंच चौकोनाची जाड वेल्डेड जाळी आहे, आणि खुराड्याच्या बाहेरच्या बाजूने फूटभर जमिनीवर पसरून मातीखाली दाबलेली, म्हणजे उकरणारा पहिल्याच फुटात अडतो. खुराडं बांधताना पैसे वाचवायचे असतील तर रंगात वाचवा, छपराच्या शोभेत वाचवा, जाळीत नको.

त्यानंतर उरलेल्या चौघींनी तीन आठवडे एकही अंडं दिलं नाही. घाबरलेली कोंबडी घालत नाही. मग मी दोन तलंगा आणल्या, महिनाभर वेगळ्या ठेवल्या (नव्या पाखराबरोबर रोग येतात, ही वाट पाहणं टाळू नका) आणि एका रात्री गुपचूप दांडीवर नेऊन बसवल्या. अंधारात कोंबडीला दिसत नाही, त्यामुळे भांडण सकाळपर्यंत पुढे ढकललं जातं, एवढंच. सकाळी व्हायचं ते झालंच. कुणी कुणाला चोच मारायची आणि कुणी मुकाट्याने खायची, याची उतरंड कोंबड्यांत पक्की असते. नॉर्वेच्या थोर्लिफ शेल्डेरुप-एब्बे यांनी ती 1921 च्या सुमारास शास्त्रात आणली, आणि तिचा नाद त्यांना लहानपणी कोंबड्या बघत बसण्यातूनच लागला होता. उतरंड पुन्हा लागेपर्यंत माझ्या खुराड्यात आठवडाभर किंचाळ्या होत्या. दाण्याची दोन भांडी दोन टोकांना ठेवली तेव्हा जरा निवळलं. अंडी? अर्थातच नाहीत.

"मग बदकं पाळा, ती जास्त देतात," असंही सांगणारे भेटतात. काही जातींच्या बाबतीत ते खरंही आहे. मी दोन बदकं ठेवून पाहिली. बदकाला निदान डोकं बुडेल एवढं पाणी लागतं, नाहीतर त्याला डोळे आणि नाकपुड्या धुता येत नाहीत. आणि जिथे पाणी तिथे त्याच दिवशी चिखल. आठ महिन्यांनी ती ज्यांच्याकडे तळं होतं त्यांच्याकडे गेली. सगळ्यांचंच भलं झालं.

आता अंडी स्वस्त पडतात का, हे तुम्ही विचारायच्या आतच सांगते. एक कोंबडी दिवसाला साधारण एकशेवीस ग्रॅम दाणा खाते. अंडं पंचावन्न-साठ ग्रॅमचं. म्हणजे ज्या दिवशी अंडं देते त्या दिवशीही दुप्पट वजनाचा दाणा, आणि खाड्याच्या दिवशी, झडण्याच्या महिन्यांत, खुडूक असताना दाणा चालूच. भरीला जाळी, भुसा, लस, औषध. यात पैसा वाचत नाही. कोंबडीला हात लावला की साबणाने हात धुवायचे, पिलांचे मुके घ्यायचे नाहीत, हेही पोरांना रोज सांगावं लागतं. धट्ट्याकट्ट्या कोंबडीच्या पोटातही माणसाला आजारी पाडणारे जंतू असू शकतात.

आणि ज्या प्रश्नाला लोक अडखळतात तो: म्हातारी झाली की काय? भरघोस अंडी पहिली दोन वर्षं, मग दरवर्षी कमी कमी. कोंबडी मात्र सात-आठ वर्षं सहज जगते. काहीजण कापून खातात. ज्याने तिला नीट वाढवलं त्याने ते नीट केलं, तर मी त्याला नावं ठेवणार नाही. मला जमलं नाही. पण जे काही करणार ते आणायच्या आधी ठरवा, खुराड्यासमोर सुरी घेऊन उभं राहून नव्हे.

माझी तांबडी, त्या वहीतली, आता सात वर्षांची आहे. दीड वर्षात तिने एकही अंडं दिलेलं नाही. तरी रोज सकाळी नऊच्या सुमारास ती खोक्यात शिरते, भुसा इकडचा तिकडे करते, पंधरा-वीस मिनिटं गंभीरपणे बसते, आणि बाहेर येऊन असा काही कलकलाट करते की शेजारचं कुत्रं भुंकायला लागतं. मी हातातलं काम टाकून अजूनही खोक्यात बघायला जाते.