दरापेक्षा उतारा बघायला लागलो तेव्हा

वेंगुर्ले तालुक्यात आमचा काजूचा छोटा कारखाना आहे. बी येते ती साधारण मार्च ते मे, आणि वर्षभराची तेव्हाच भरून ठेवावी लागते. म्हणजे सगळं भांडवल त्या दिवसांत अडकतं. नफा-तोट्याचा हिशोब मात्र पावसाळा सरल्यावर हाती यायचा. कर भरायला तो ठीक. दारात टेम्पो उभा असताना ही बी या दराने घ्यायची की नाही, ते त्यातून कसं कळणार? व्हॉट्सअॅपवर रोज दर यायचे. पण बागेतला की कारखाना पोच, बी सुकी की ओली, काही पत्ता नसायचा.

म्हणून लॉटवार उतारा, म्हणजे एकेका खरेदीच्या बीतून शेकडा किती गर निघाला ते, लिहायचं ठरवलं. लिहिणं सोपं होतं, लॉट वेगळे ठेवणं कठीण. खळ्यात वाळवताना ढीग एकमेकांत जायचे. शेवटी गोण्यांना रंगीत सुतळ्या बांधल्या. सोलणाऱ्या बायकांनी आधी कुरकुर केली, मग त्याच 'लाल सुतळीत तुकडा जास्त' असं सांगायला लागल्या.

वजन कुठलं धरायचं, यावर घरात बरेच दिवस वाद झाला. वाळल्यावर बी हलकी होते, त्या वजनावर उतारा उगाच चांगला दिसतो. पैसे देतो ते वजन धरायचं ठरलं, तेव्हा कुठे लॉटची तुलना जमू लागली.

समजा, १३० रुपये किलोच्या बीचा उतारा २५ टक्के आहे. गर पडतो ५२० रुपये किलो. १३५ची बी २८ टक्के देत असेल, तर तोच गर सुमारे ४८२ला. महाग बी स्वस्त पडली! त्यात गराचा आकारही बघायचा. २४० नंबरला ३२०पेक्षा जास्त भाव, कारण नंबर म्हणजे एका पौंडात बसणारे गर; नंबर लहान, गर मोठा.

पण उतारा कळतो माल फोडून झाल्यावर. म्हणून आता घेतानाच वेगवेगळ्या गोण्यांतून मिळून किलोभर बी काढतो, मोजतो, कापतो, चांगला गर तोलतो. नेहमी बी आणणारे तात्या पहिल्यांदा चिडले, "बाय, बी सुकलली आसा, कापून कित्याक बघतंस?" कापलेला गर पुढ्यात ठेवून दर दोन रुपयांनी वाढवला, तेव्हा गप्प झाले. दुसऱ्या खेपेला त्यांनी ओली बी बाजूला काढूनच आणली.

दराचे मेसेज अजून येतात. ज्यात ठिकाण आणि पोच लिहिलेली नसते, ते मी वाचतच नाही.