छपराचे पत्रे

काल दुपारी दादाशी फोनवर पाऊण तास भांडले. विषय नेहमीचाच, अलिबागजवळचं आजोबांचं घर विकायचं की ठेवायचं. भरात म्हणून गेले, "छपराचे पत्रे मी घातले होते!" दादा गप्प झाला. मला वाटलं, जिंकले.

आज शब्बाथ, म्हणजे आमचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, संपल्यावर कागदांची पेटी उघडली. पत्र्यांची पावती दादाच्या नावाची. मी फक्त मजुरांना चहा पाजला होता. खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं हो, बोलताना ते मला खरंच वाटत होतं! त्याचीच धास्ती बसली.

आम्हा बेने इस्रायलींच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, घरात आमचा संदेष्टा मोशे याची एक गोष्ट ऐकलेली. मिद्यानी लोकांशी झालेल्या लढाईनंतर तो सरदारांवर भडकला, आणि लुटीतली भांडी शुद्ध करायचा नियम मग एलाजार याजकाला सांगावा लागला. तालमुद या आमच्या धर्मचर्चेच्या ग्रंथातले गुरू म्हणतात, रागामुळे मोशेला तो आठवेना. खुद्द मोशेला! उलट हिल्लेल या जुन्या धर्मगुरूचे शिष्य. शम्माय या दुसऱ्या गुरूच्या शिष्यांशी त्यांचा 3 वर्षं वाद चालला, निकाल हिल्लेलच्या शिष्यांच्या बाजूने लागला, कारण म्हणे ते आपल्या मताआधी समोरच्याचं मत मांडायचे. आमच्याकडे कुणी असं केलं तर विचारतील, "बरं नाही का तुला?"

दादाला फोन लावला. "पत्रे तू घातलेस." तिकडे कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाला, "आणि तुझ्या चहात साखर कमी होती. मजूर कुरकुरत होते."

घराचं अजून काही ठरलेलं नाही.