"वयनी, यंदा तरी भरतलास ना फॉर्म?"

४ नोव्हेंबर २०२५ ला नगरपरिषदेची निवडणूक जाहीर झाली आणि दुसऱ्या दिवसापासून मी दळण घेऊन निघाले तरी लोक थांबवायला लागले. गिरणीत, रिक्षा स्टँडवर, परवा तर एका तेराव्याच्या पंगतीत. "वयनी, यंदा तरी भरतलास ना फॉर्म?" मी "बघू" म्हणते. आपल्याकडे "बघू"चा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो, तरी विचारणं काही थांबत नाही. म्हणून एकदाच काय ते लिहिते. १७ तारखेला अर्जाची मुदत संपते, मग तुम्हीही सुटाल आणि मीही.

आधी जे खरं नाही ते सांगते. आमच्या ह्यांनी मला अडवलेलं नाही. गेल्या वेळी मी उभी होते तेव्हा हँडबिलं छापून आणायला तेच स्कूटरवरून गेले होते. मी कोणाकडून काही घेऊन गप्प बसलेले नाही. आणि "जागा महिलेची होती म्हणून उभी राहिली" हेही अर्धंच खरं. महिलांना निम्म्या जागा मिळाल्या त्या २०११ पासून. तसं नसतं तर माझ्यासारख्या शिवणक्लासवालीला कोणी विचारलं असतं का? नसतं विचारलं. मग त्यात लाजण्यासारखं काय आहे? यंदाही ऑक्टोबरात आरक्षणाची सोडत निघाली आणि आमच्या प्रभागात परत एक जागा महिलेची आली, म्हणूनच तुम्ही माझ्या मागे लागलायत. महिलेची जागा नसती तर मला कोणी दळणाच्या वाटेवर अडवलं नसतं.

२०१६ चं तुम्हाला आठवतंच. नगराध्यक्ष थेट लोकांतून, प्रभागात दोन नगरसेवक, म्हणजे प्रत्येकाने तीन बटणं दाबायची. (मधल्या काळात २०२० ला थेट नगराध्यक्ष रद्द झाला, २०२२ ला परत आला. सरकार बदललं की आमचा नगराध्यक्ष निवडायचा मार्ग बदलतो.) ८ नोव्हेंबरला रात्री नोटा बंद झाल्या आणि २७ ला मतदान. अर्धा प्रचार मी बँकेच्या रांगेतच केला. लोक तासन् तास उभे, कुठे पळणार? मी अपक्ष. चिन्ह शिलाई मशीन मागितलं होतं, मिळालं कपबशी. वाईट वाटलं, पण दोन दिवसांत कळलं की चिन्ह उत्तम आहे. ज्या घरात रोज स्टीलच्या पेल्यातून चहा पितात, त्या घरांत माझ्यासाठी कपाटातून कपबशी निघायची. बशीला एखादा टवका गेलेला असायचा. "बघा वयनी, आमची कपबशीच." मी ते शब्दशः खरं धरलं.

माझ्याकडे मतदार यादी होती, भाच्याने स्पायरल बाइंडिंग करून दिलेली. निळी पेन्सिल म्हणजे नक्की, लाल म्हणजे नाही, आणि नुसतं टिंब म्हणजे सांगता येत नाही. रोज रात्री जेवणं झाली की आम्ही पाच-सहा जण पडवीत बसून घर घर वाचायचो. माणसं मोजायची सवय इतकी पटकन लागते! नमस्काराला नमस्कार करताना मनात आकडा फिरतो, या घरात चार, त्यातला थोरला मुंबईला, म्हणजे तीन. मला तेव्हा हे कर्तृत्व वाटत होतं. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेचा कठडा दोन पावसाळे पडलेला होता, त्यासाठी मी उभी राहिले होते. प्रचार संपेपर्यंत मी कठड्याबद्दल बोलायची बंद झाले होते, हेसुद्धा मला नंतर ह्यांनी सांगितलं.

१४ मतांनी पडले. मोजणी दुसऱ्या दिवशी होती आणि ती मशीनवार होते, त्यामुळे कुठल्या केंद्रावर किती पडली ते तिथल्या तिथे समजतं. आमच्या वाडीचं केंद्र पहिलं. तिथे माझ्या निळ्या खुणांपेक्षा ४१ मतं कमी निघाली. मतदान गुप्त असतं असं आपण नागरिकशास्त्रात शिकतो, पण एवढ्याशा प्रभागात काय गुप्त राहणार? फक्त कोण ते कळत नाही, किती ते कळतं. आणि किती ते कळलं की कोण ते शोधल्याशिवाय माणूस राहत नाही. दुसरं कोणी राहत असेल, मी राहिले नाही. पंधरा दिवस दुपारी क्लासच्या मुली गेल्या की यादी काढून बसायचे. भावकीतली दोन घरं पहिल्या दिवशी सापडली. ती बरोबर होती की नाही हे मला आजही माहीत नाही, पण त्या घरच्या लग्नाला आम्ही गेलो नाही.

त्या ४१ मध्ये मी आमच्या मासेवालीला घातलं. नाव लिहीत नाही. वीस-बावीस वर्षं ती आमच्या दारात पाटी उतरवत होती. बांगडा आधी आमच्याकडे, मग आळीत. तिला मी दारातच सांगितलं होतं की उभी राहतेय, आणि तिने पाटीवरचं ओलं फडकं बाजूला करत म्हटलं होतं, "आमची मता तुमकाच, वयनी." यादीत तिचं नाव होतं, मी स्वतः निळी खूण केली होती. पडल्यावर कोणीतरी येऊन सांगितलं की ती समोरच्यांच्या मिरवणुकीत होती. झालं. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मी आतूनच "नको आज" म्हटलं. मग रोजच नको. पाच-सहा दिवसांनी तिने आमच्या दारात थांबायचंच सोडलं. ती हाक न मारता पुढे जायची आणि मी खिडकीत उभी राहून ऐकायचे. शेजारच्या दोघींनाही मी सांगितलं, "हिला कोणाच्या जिवावर धंदा मिळाला ते विसरली." त्यांनीही घेणं बंद केलं.

फेब्रुवारीत एकदा दुपारी ती पाटी न घेता आली. पायरीवर बसली नाही, उभीच राहिली.

"माका ठावक हा तुमी काय समाजल्यास ता. माझा मत पलीकडच्या वार्डात. तुमका देतलंय कसा?"

व्हाळ ही आमच्या प्रभागाची हद्द होती आणि तिचं घर व्हाळापलीकडे. यादीतलं नाव दुसऱ्याच कुणा बाईचं. आपल्याकडे एका आडनावाची अर्धी वाडी असते, त्यात नवऱ्याचं नाव वाचायला मला सुचलं नाही. मिरवणूक तिच्या घरावरून गेली म्हणून ती बाहेर येऊन उभी होती.

"मगे हो कित्याक म्हटलंस गो?"

"तुमच्या दारात बसान तुमका नाय म्हणतलंय?"

एवढं बोलून गेली. मी तिला थांब म्हटलं नाही. माफी मागायची म्हणजे नेमकं काय बोलायचं ते मला त्या क्षणी सुचेना, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही होता, की ही आधी का बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी मासे घ्यायला बाजारात गेले, तिच्यासमोर बसले, तिने वजनात चार बांगडे जास्त घातले. आळीत मात्र ती परत फिरली नाही. शेजारच्या त्या दोघींना मी खरं काय ते सांगायला हवं होतं. त्यांना अजून सांगितलेलं नाही. आता हे वाचून कळेल.

तेव्हा "हरलीस म्हणून घाबरलीस" म्हणता ते तितकंसं बरोबर नाही. १४ मतांनी पडणं मी पचवलं असतं. जिंकले असते तर? मग ती ४१ मतं शोधायला बसलेच नसते, असं मी स्वतःला सांगायचे. आता वाटतं, बसले असते. जिंकलेला माणूसही यादी जपून ठेवतो, आणि नळाची तक्रार घेऊन कोणी आलं की आधी खूण आठवतो.

यावर ह्यांचं म्हणणं असं, की सगळ्यांनी असंच म्हणून घरी बसायचं तर मग व्हायचं कसं? त्यांच्याकडे मुद्दा आहे. मागच्या नगरसेवकांची मुदत २०२१ च्या शेवटाला संपली, ओबीसी आरक्षणाचं प्रकरण कोर्टात अडकलं, आणि चारेक वर्षं सगळं प्रशासकाच्या हातात. दिवा गेला तर कोणाच्या दारात जायचं? नगरसेवक वाईट असला तरी त्याची बायको आपल्या हळदीकुंकवाला येते, तिला टोमणा तरी मारता येतो. कठडा २०१९ ला झाला, माझ्याशिवाय झाला. गेल्या पावसात परत खचला.

काल भाचा नवी यादी घेऊन आला. यंदा प्रभागरचना नव्याने झाली. दुबार असल्याचा संशय असलेल्या नावांपुढे दोन दोन चांदण्या छापल्यात. मला हसू आलं, मला कोणी त्या वेळी अशा चांदण्या दिल्या असत्या तर! घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला मी काढून ठेवलाय, हेही सांगून टाकते, नाहीतर नगरपरिषदेतून तुम्हाला कळणारच. दाखला काढला म्हणजे फॉर्म भरला असं होत नाही.

यंदा व्हाळाच्या दोन्ही बाजू आमच्या प्रभागात आल्यात. रात्री मी यादी उघडली आणि या वेळी नवऱ्याचं नाव, घर नंबर, वय सगळं ताडून पाहिलं. तीच आहे. उभी राहिले तर तिच्या दारात मला जावं लागेल. ती कपबशी काढेल की नाही माहीत नाही, पण "तुमकाच" म्हणेल हे मला आत्ताच माहीत आहे. भाच्याने पेन्सिली आणल्या होत्या. मी त्या ड्रॉवरमध्ये ठेवायला सांगितल्या, आणि कुठल्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या तेही विचारून घेतलं.